घरचा फायरवॉल: वेगळा डबा घ्यायचा की व्हर्च्युअल मशीन करायचं?

फायबरची लाइन घेतली की नेटवाला भिंतीवर एक पांढरा डबा लावून जातो. फायबरमधला सिग्नल उलगडायचा, घरातल्या सगळ्या उपकरणांना आयपी पत्ते वाटायचे, वायफाय पुरवायचं आणि बाहेरून येणारं नको ते अडवायचं, ही सगळी कामं तो एकटाच करतो. यातलं शेवटचं काम फायरवॉलचं, आणि त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलेलं असतं. डब्याचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं हे घरात कुणालाच माहीत नसतं, अॅडमिनचा पासवर्ड बऱ्याचदा नेटवाल्याकडेच असतो, आणि दारावरचा कॅमेरा रात्रभर कुठल्या सर्व्हरशी बोलतो ते पाहायची सोय त्यात नसते.

घरून ऑफिसचं काम, मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या, दोन-चार कॅमेरे आणि स्मार्ट प्लग, एवढं ज्या घरात आहे तिथे स्वतःचा फायरवॉल असावा असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते उत्तम आहे. खरं अडतं ते कशावर चालवायचं यावर. त्यासाठी वेगळं छोटं यंत्र घ्यावं, की घरात आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच यंत्रात चालणारा आभासी कॉम्प्युटर, करून भागवावं?

माझं मत आधीच सांगतो. पहिलाच फायरवॉल असेल आणि घरात तुमच्याशिवाय इतर माणसंही त्या नेटवर अवलंबून असतील, तर वेगळा डबा घ्या. प्रॉक्समॉक्ससारखं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घरात आधीपासून चोवीस तास चालत असेल आणि ते तुमच्या हातातलं झालं असेल, तर व्हर्च्युअल मशीन चांगलं. निवड करताना मी प्रोसेसर किंवा रॅम आधी पाहत नाही. तुम्ही गावाला गेलेले असताना नेट बंद पडलं तर घरातलं दुसरं माणूस ते कसं चालू करणार, हे आधी पाहतो. या प्रश्नाला तुमच्या घरी जे उत्तर असेल, त्यावरून पुढचं बरंच ठरतं.

पायरी १: खरेदीआधी आपली लाइन ओळखा

चार गोष्टी कागदावर लिहून काढा.

पहिली, प्लॅनचा वेग. १०० किंवा २०० एमबीपीएसच्या लाइनला जुनं-पानं यंत्रही सहज पुरतं. एक गिगाबिटची लाइन असेल तरच यंत्राच्या ताकदीचा विचार करायचा.

दुसरी, जोडणीचा प्रकार. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या नेटच्या बाजूच्या, सेटिंगमध्ये पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी) लिहिलंय की डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणं) ते पाहा. पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड लागतो. नेटवाल्याला आजच फोन करून तो मागून घ्या. फायरवॉल बसवायच्या रात्री तो फोन उचलेल याचा भरवसा नसतो. काही लाइनींना व्हीलॅन क्रमांकही (एकाच तारेवरची वेगळी नेटवर्कं ओळखायचा आकडा) लागतो, तोही त्याच फोनवर विचारा.

तिसरी, त्या पांढऱ्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, ब्रिज मोडमध्ये टाकता येतं का. ब्रिज झाला की तो फक्त फायबरचं इथरनेट करून देतो आणि बाकी सगळं तुमच्या फायरवॉलकडे येतं. ब्रिज करून देत नसतील तरी काम अडत नाही. एकामागे एक दोन राउटर होतात, म्हणजे दुहेरी नॅट (अनेक उपकरणांना एकाच पत्त्यामागे ठेवायची सोय) होतं. बाहेरून घरात यायचं नसेल तर त्याचा रोजच्या वापरात त्रास जाणवत नाही.

चौथी, सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळतो का. राउटरच्या पानावर दिसणारा वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या सामायिक नॅटच्या मागे आहात. आपल्याकडच्या घरगुती लाइनींवर हे सर्रास दिसतं. अशा लाइनवर बाहेरून घरच्या व्हीपीएनला, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेला, आयपीव्ही४ ने (पत्त्यांच्या जुन्या पद्धतीने) थेट जोडता येत नाही. आयपीव्ही६ ही नवी पद्धत वापरावी लागते, मधल्या सर्व्हरच्या मदतीने जोडणी करून देणारी टेलस्केलसारखी सोय करावी लागते किंवा पैसे भरून स्थिर आयपी घ्यावा लागतो. हे आत्ताच कळलेलं बरं, नाहीतर महागडं यंत्र घेऊनही ज्या कामासाठी घेतलं तेच होत नाही.

पायरी २: सॉफ्टवेअर आधी ठरवा, कारण हार्डवेअर त्यावरून ठरतं

घरासाठी तीन नावं पुरेशी आहेत: ओपीएनसेन्स, पीएफसेन्स आणि ओपनडब्ल्यूआरटी.

पहिली दोन एकाच घराण्यातली. मॅन्युएल कॅस्पर यांनी २००३ मध्ये मोनोवॉल (m0n0wall) हे फायरवॉल सॉफ्टवेअर सुरू केलं, २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स फुटलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये पीएफसेन्समधून डेसिसो या डच कंपनीने ओपीएनसेन्स वेगळं काढलं. दोन्ही फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. ही वंशावळ सांगायचं कारण व्यवहारातलं आहे: लिनक्सवर चालणारं प्रत्येक नेटवर्क कार्ड फ्रीबीएसडीवर तितकंच नीट चालेल असं नाही. पुढची अर्धी डोकेदुखी इथूनच येते.

ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सवर आहे, हलकं आहे आणि १२८ एमबी रॅमच्या साध्या राउटरवरही चालतं. मोबाइलमध्ये असतात तशा एआरएम प्रोसेसरची छोटी बोर्डं वापरायची असतील तर हेच घ्या, कारण ओपीएनसेन्सच्या अधिकृत इमेज ६४ बिट इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठीच असतात. घरात रास्पबेरी पाय पडून आहे, त्यावर ओपीएनसेन्स टाकू, असा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या.

नवख्या माणसाला मी ओपीएनसेन्स सुचवतो. पडदे नीट मांडलेले आहेत, वर्षातून दोनदा जानेवारी आणि जुलैमध्ये मोठी आवृत्ती येते आणि मधे लहान अपडेट येत राहतात. पुढची उदाहरणं त्याचीच आहेत.

पायरी ३: वेगळा डबा घ्यायचा तर

ओपीएनसेन्सची कागदावरची गरज फार नाही. २ जीबी रॅमवर ते उठतं, ४ जीबीवर नीट चालतं, ८ जीबी आणि १२० जीबीची एसएसडी असेल तर घरासाठी काही कमी पडत नाही. सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा चालवायची असेल तरच रॅम आणि प्रोसेसर दोन्ही जास्त लागतात.

आता नेटवर्क पोर्टांकडे वळू, कारण निवड खरी इथे होते. कमीत कमी दोन पोर्ट हवेत, एक वॅन आणि एक लॅन, म्हणजे घरातल्या नेटवर्कसाठी. ते इंटेलचे असावेत: जुन्यांत आय २१० आणि आय ३५०, नव्यांत अडीच गिगाबिटचा आय २२६. रिअलटेकचे पोर्ट विंडोजवर आणि लिनक्सवर वर्षानुवर्षं मुकाट चालतात. फ्रीबीएसडीवर मात्र भार वाढला की मधेच लटकल्याच्या तक्रारी खूप जुन्या आहेत. ओपीएनसेन्समध्ये त्यासाठी रिअलटेकच्या स्वतःच्या ड्रायव्हरचं प्लगइन आहे आणि बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. पण नवं घेताय तर ही कटकट विकत घेऊ नका. यूएसबीला लावायचा इथरनेट अॅडॉप्टर फायरवॉलसाठी वापरूच नका.

बाजारात तीन वाटा दिसतात.

एक, इंटेल एन १०० प्रोसेसरचा पंखा नसलेला चार पोर्टांचा मिनी पीसी. हा प्रोसेसर २०२३ मध्ये आला, चार कोर आहेत, ६ वॅटच्या गटातला आहे आणि त्यात एईएस-एनआयची सोय आहे, म्हणजे ओपनव्हीपीएनसारख्या कामांत एन्क्रिप्शनचा भार हलका होतो. वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन सॉफ्टवेअर वेगळी पद्धत वापरतं, त्याला एईएस-एनआय लागत नाही. घरगुती गिगाबिट लाइनला हा डबा पुरून उरतो. माझी पहिली पसंती हीच. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: पोर्ट आय २२६ चेच आहेत ना, अॅडॉप्टर किती व्होल्ट आणि किती अॅम्पिअरचा आहे, आणि रॅम व एसएसडी सोबत येते की मोकळी पेटी येते. तिसरा प्रश्न विसरून अनेक जण मोकळी पेटी हातात घेऊन बसतात.

दोन, ऑफिसातून निघालेला सेकंडहँड छोटा डेस्कटॉप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन रिफर्बिश्ड विक्रेत्यांकडे डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर यांचे ढीग लागलेले असतात. अगदी चपट्या मॉडेलमध्ये एकच इथरनेट पोर्ट असतो आणि कार्ड लावायला बहुधा जागा नसते. त्यामुळे त्याहून एक माप मोठं, पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असलेलं मॉडेल घ्या आणि त्यात इंटेल आय ३५० चं दोन किंवा चार पोर्टांचं कार्ड लावा. कार्ड घेताना अर्ध्या उंचीची पट्टी सोबत आहे का ते पाहा. पूर्ण उंचीची पट्टी लहान पेटीत बसत नाही. आय ३५० ची नकली कार्डंही बाजारात फिरतात. नव्या कार्डाची किंमत संशयास्पद कमी वाटली तर जुन्या सर्व्हरमधून काढलेलं डेल, एचपी किंवा आयबीएमच्या लेबलचं कार्ड घेतलेलं बरं.

तीन, नॅनोपाय आर ४ एस सारखं दोन पोर्टांचं एआरएम बोर्ड, ओपनडब्ल्यूआरटी टाकून. वीज अगदी कमी खातं, तळहातावर मावतं. कॅमेरे वेगळे करायचे, जाहिराती अडवायच्या आणि वायरगार्ड चालवायचं, एवढंच काम असेल तर त्याच्यात काही वावगं नाही.

गिगाबिट आणि पीपीपीओई हे दोन्ही तुमच्या लाइनवर असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. नेटवर्क कार्ड एरवी येणारी पाकिटं आयपी पत्ता पाहून वेगवेगळ्या कोरवर वाटतं. पीपीपीओईच्या वेष्टणात गुंडाळलेल्या पाकिटाचा आतला पत्ता त्याला दिसत नाही, त्यामुळे येणारं सगळं एकाच रांगेत, एकाच कोरच्या माथी पडतं. म्हणून इथे कोर किती यापेक्षा एकेक कोर किती वेगवान हे महत्त्वाचं. इंटेल जे १९०० सारखे दहा वर्षांहून जुने प्रोसेसर अजून स्वस्तात मिळतात. २०० एमबीपीएसला ते चालतील, गिगाबिटच्या पीपीपीओईला त्यांना धाप लागते.

पायरी ४: वीज, ऊन आणि इन्व्हर्टर

फायरवॉल वर्षभर बंद होत नाही, म्हणून वॅटचा हिशोब खरेदीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा. सतत १० वॅट घेणारं यंत्र वर्षाला साधारण ८८ युनिट खातं, ४० वॅटचा जुना डेस्कटॉप ३५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचा फरक २,६०० रुपयांच्या आसपास जातो. महावितरणचं बिल टप्प्यांचं असल्याने हे वरचे युनिट तुमच्या घराच्या सगळ्यांत महाग टप्प्यात मोजले जातात, तेव्हा प्रत्यक्षात फरक याहून जास्तही पडेल. सेकंडहँड डेस्कटॉप घेताना दुकानातला स्वस्त आकडा आणि तीन वर्षांचं बिल एकत्र मांडून पाहा.

पंखा नसलेल्या डब्याची अख्खी धातूची पेटीच उष्णता बाहेर टाकते. तो लाकडी कपाटात बंद करू नका, ओएनटीच्या डोक्यावर ठेवू नका, आणि वरच्या खाचांवर काही रचू नका. अकोला, जळगाव, चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या आसपास जाते, तिथे शेजारी एक छोटा यूएसबी पंखा लावला तरी खूप फरक पडतो.

लाइट जाण्याचा बंदोबस्त मात्र नीट करायला हवा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला बहुधा नॉर्मल आणि यूपीएस असा खटका असतो. नॉर्मलवर असताना लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पंखा-ट्यूबला काही होत नाही, पण फायरवॉल रीस्टार्ट होऊ शकतो. खटका यूपीएसवर करा. मग मेन स्विच पाडून एकदा स्वतः खात्री करून घ्या.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस चालतो, पण अॅम्पिअर जुळवा. त्यातले बरेच २ अॅम्पिअरचे असतात आणि चार पोर्टांच्या मिनी पीसीसोबत ३ ते ५ अॅम्पिअरचा अॅडॉप्टर येतो. ओएनटीलाही बॅकअप द्यायला विसरू नका. फायरवॉल चालू आणि ओएनटी बंद असेल तर उपयोग शून्य.

आणि कुठलंही यंत्र घ्या, बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वीज परत आल्यावर काय करायचं, ही सेटिंग शोधा आणि ती पॉवर ऑनवर ठेवा. नाहीतर लाइट आली तरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत घरात नेट नसतं.

पायरी ५: व्हर्च्युअल मशीन करायचं तर

आता दुसरा पक्ष, आणि तो दुबळा नाही. घरात होम असिस्टंट (स्मार्ट उपकरणं सांभाळणारं), जेलीफिन (सिनेमे दाखवणारं) किंवा फोटोंचा बॅकअप ठेवणारा सर्व्हर आधीच चालू असेल, तर आणखी एक यंत्र, आणखी एक अॅडॉप्टर आणि आणखी वीज कशाला? प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्सवर चालणारं, लिनक्सचीच केव्हीएम ही व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय वापरणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. फायरवॉल त्याच्यावर ठेवला तर दोन मोठे फायदे होतात. अपडेटआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घ्या. बिघडलं तर थोड्या वेळात मागे या. आणि रिअलटेकचा प्रश्न सुटतो, कारण प्रत्यक्ष कार्ड लिनक्स सांभाळतं, ओपीएनसेन्सला फक्त व्हर्टआयओचं आभासी कार्ड दिसतं. यंत्रात रिअलटेकचेच पोर्ट असतील तर व्हर्च्युअल मशीनच्या बाजूने हे चांगलं कारण आहे.

तोटे सांगतो. प्रॉक्समॉक्सचं कर्नल अपडेट झालं, होस्ट, म्हणजे मूळ सर्व्हर, रीस्टार्ट केला, की सगळ्या घराचं नेट जातं. दुसऱ्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनने डिस्क भरून टाकली तर फायरवॉलही लटकतो. आणि सर्व्हरवर प्रयोग करायची हौस तुमची असते, नेट मात्र सगळ्यांचं. मला हा तिसरा तोटा सगळ्यांत मोठा वाटतो. ज्या यंत्रावर सतत काहीतरी करून बघितलं जातं, त्याच यंत्रावर घराचं दार ठेवणं सगळ्यांच्या स्वभावाला मानवत नाही.

तरी करायचं ठरलं, तर असं करा.

यंत्रात निदान दोन प्रत्यक्ष पोर्ट हवेत. प्रॉक्समॉक्समध्ये दोन ब्रिज (आभासी स्विच) करा: व्हीएमबीआर शून्य घरच्या लॅनसाठी, व्हीएमबीआर एक ओएनटीकडून येणाऱ्या केबलसाठी. दुसऱ्या ब्रिजवर होस्टला आयपी पत्ता अजिबात देऊ नका, ती जागा रिकामी ठेवा. तिथे पत्ता पडला तर प्रॉक्समॉक्सचं लॉगिनचं पान थेट इंटरनेटकडे तोंड करून उभं राहतं. व्हर्च्युअल फायरवॉल असुरक्षित असतो अशी भीती बरेच जण घालतात. एका मशीनमधून होस्टमध्ये घुसण्याचे हल्ले विरळ असतात. घरी खरा धोका या चुकीच्या ब्रिजचा.

मशीनला दोन कोर, ४ जीबी रॅम, ३२ जीबी डिस्क द्या. सीपीयूचा प्रकार होस्ट निवडा, म्हणजे एईएस-एनआय आत पोचतं. रॅम कमी-जास्त करणारं बलूनिंग बंद करा. दोन्ही नेटवर्क कार्डं व्हर्टआयओची घ्या आणि मल्टिक्यू कोरच्या संख्येइतकं ठेवा. बूट होताना आपोआप सुरू व्हावं अशी खूण करा आणि क्रम एक द्या, म्हणजे बाकीची मशीनं फायरवॉलच्या मागून उठतील. ओपीएनसेन्सच्या आत इंटरफेसच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर चेकसम, टीएसओ आणि एलआरओ हे तिन्ही ऑफलोड (पाकिटांचं काम कार्डावर सोपवायच्या सोयी) बंद आहेत ना ते पाहा. व्हर्टआयओवर चेकसमचं ऑफलोड चालू राहिलं की काही साइट उघडतात, काही लटकतात आणि कारण सापडत नाही.

कार्ड थेट मशीनच्या ताब्यात देण्याचा, म्हणजे पासथ्रूचा, मार्गही आहे. त्यासाठी बायोसमध्ये व्हीटी-डी चालू हवं आणि ते कार्ड वेगळ्या आयओएमएमयू गटात यायला हवं. वेग चांगला मिळतो आणि होस्ट वॅनला शिवतही नाही. पण चालू मशीनचा रॅमसकट स्नॅपशॉट मग घेता येत नाही, आणि रिअलटेकचा फायदाही जातो, कारण कार्ड पुन्हा फ्रीबीएसडीच्या हाती पडतं. पहिल्या वेळी साधा ब्रिजच बरा.

आता तो प्रसंग, जो कधी ना कधी येतोच: ओपीएनसेन्सचं मशीन उठत नाहीये आणि ते दुरुस्त करायला प्रॉक्समॉक्सचं पान उघडायचंय. लॅपटॉप जोडलात, तर त्याला आयपीच मिळत नाही, कारण पत्ते वाटणारं मशीन तेच, जे बंद पडलंय. यावर उपाय आधीच करून ठेवायचा. प्रॉक्समॉक्सला लॅनमधला कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.५०.५, आणि तो यंत्रावर चिकटवा. गरज पडली की लॅपटॉपला हाताने १९२.१६८.५०.२० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्या, ब्राउझरमध्ये तो पत्ता ८००६ पोर्टासकट उघडा, पान येतं. हे सगळं नीट चालू असतानाच एकदा मशीन मुद्दाम बंद करून करून पाहा. ज्याला हे जमलं, त्याने बिनधास्त व्हर्च्युअल मशीन करावं.

पायरी ६: निर्णय

घरात २४ तास चालणारा सर्व्हर नसेल तर फक्त फायरवॉलसाठी प्रॉक्समॉक्स शिकू नका, वेगळा डबा घ्या. सर्व्हर असेल पण त्यावर तुम्ही दर आठवड्याला काही नवं बसवत असाल, तरीही वेगळा डबाच. सर्व्हर स्थिरावलेला असेल, दोन पोर्ट असतील आणि वरचा सराव झाला असेल, तर व्हर्च्युअल मशीन. मधला मार्गही आहे: एन १०० चा डबा घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं आणि फायरवॉलशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही. स्नॅपशॉटची सोय मिळते, गर्दी होत नाही. दोन-तीन महिने फायरवॉल वापरून हात बसल्यावर या मार्गाचा विचार जरूर करा.

काहीही निवडलंत तरी, ओएनटीशिवाय वेगळा जुना राउटर असेल तर तो विकू नका. त्याची नेटची सेटिंग जशीच्या तशी ठेवून तो शेजारी असू द्या आणि घरच्यांसाठी मराठीत चिठ्ठी चिकटवा: काळ्या डब्यातली पिवळी केबल काढा, जुन्या राउटरच्या निळ्या पोर्टात लावा, राउटर चालू करा, पाच मिनिटं थांबा. आईला किंवा बाबांना ती एकदा तुमच्यासमोर करायला लावा. कुणी मधे न बोलता त्यांना जमलं, तर तुम्ही निर्धास्त गावाला जाऊ शकता.

पायरी ७: बसवायचा दिवस

सुट्टीची सकाळ निवडा, रात्र नको. मोबाइलचा डेटा चालू ठेवा, अडलं तर शोधायला लागतो.

ओपीएनसेन्सची व्हीजीए प्रकारची इमेज डाउनलोड करा, चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, दाबलेली फाइल मोकळी करा आणि रूफस किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर चढवा. व्हर्च्युअल मशीनसाठी डीव्हीडी प्रकारची आयएसओ घ्या. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. पेनड्राइव्हवरून उठल्यावर लॉगिन विचारलं की युजरनेम इन्स्टॉलर आणि पासवर्ड ओपीएनसेन्स, दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत, म्हणजे बसवण्याचा पडदा येतो. फाइल सिस्टिम झेडएफएस घ्या; अचानक लाइट गेल्यावर ती यूएफएसपेक्षा जास्त भरवशाची.

कुठला पोर्ट लॅनचा आणि कुठला वॅनचा हे कन्सोलवर, म्हणजे त्या यंत्राच्याच स्क्रीनवर, दिसतं. सगळ्या केबल काढा, एकेक लावून कुठलं नाव जागं होतं ते पाहा आणि पोर्टावर तिथेच कागदी पट्टी चिकटवा.

आता पत्त्यांची टक्कर टाळायची. ओपीएनसेन्स लॅनला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतं, आणि बरेच ओएनटीही नेमका हाच पत्ता वापरतात. ओएनटी ब्रिजमध्ये नसेल तर दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क होतं आणि सगळं जोडलेलं दिसूनही नेट चालत नाही. म्हणून ओएनटीची केबल लावण्याआधीच कन्सोलवरून लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा. अशा दुहेरी नॅटमध्ये वॅनवरची खाजगी पत्ते अडवण्याची खूणही काढलेली बरी.

मग लॅपटॉप लॅनला जोडून त्या पत्त्यावर जा, रूट म्हणून आत शिरा, पासवर्ड लगेच बदला आणि विझार्ड पूर्ण करा. पीपीपीओई असेल तर फोनवर मिळालेला युजरनेम-पासवर्ड इथे टाका. पीपीपीओईचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ असतो. डीएचसीपी असूनही पत्ता मिळत नसेल तर ओएनटी बंद करून काही मिनिटांनी चालू करा. तरीही नाही मिळाला तर बऱ्याचदा कंपनीने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. तो वॅनच्या सेटिंगमध्ये भरा किंवा कंपनीला फोन करून मोकळा करून घ्या.

वायफायसाठी दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.५०.२ पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये नाही. ओएनटीचं स्वतःचं वायफाय मात्र बंद करायला विसरू नका. ते चालू राहिलं तर घरातले निम्मे मोबाइल फायरवॉलला वळसा घालून जात राहतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

पायरी ८: पहिला आठवडा

आधी फक्त चालू द्या. ओपीएनसेन्स मुळातच बाहेरून आलेलं सगळं अडवतं, त्यासाठी एकही नियम लिहावा लागत नाही. व्यवस्थापनाचं पान बाहेरून उघडावं म्हणून वॅनवर कधीही परवानगी देऊ नका. बाहेरून हवं असेल तर वायरगार्डमधून या. सगळं जमलं की कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर ठेवा. वेगळा डबा जळाला तरी नव्या यंत्रावर ही फाइल घालून, पोर्टांची नावं जुळवून, तासाभरात घर पूर्ववत होतं. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप मात्र त्याच यंत्राच्या त्याच डिस्कवर ठेवू नका.

दुसऱ्या आठवड्यात कॅमेरे आणि स्मार्ट प्लग वेगळे काढा. चार पोर्टांचा डबा असेल तर तिसऱ्या पोर्टावर वेगळं नेटवर्क करून कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्यात लावा. दोनच पोर्ट असतील तर व्हीलॅन समजणारा स्विच लागतो. टीपी-लिंकच्या टीएल-एसजी१०८ई सारखा साधा आठ पोर्टांचा स्विच पुरतो. नव्या नेटवर्कला सुरुवातीला कसलीच परवानगी नसते, ती तुम्ही द्यायची. कॅमेऱ्यांना वेळ जुळवण्यापुरतं फायरवॉलच्या एनटीपीपर्यंत जाऊ द्या, लॅनमधून कॅमेऱ्यांकडे जायची वाट मोकळी ठेवा, उलट वाट बंद. मग फायरवॉलचा लाइव्ह लॉग उघडून पाच मिनिटं बघत बसा. कॅमेरे कुठे कुठे फोन लावू पाहतात ते लाल ओळींत सरकताना दिसतं. त्यातलं मोबाइल अॅपसाठी खरंच काय लागतं ते एकेक करून उघडा आणि प्रत्येक नियमासमोर तो कशासाठी लिहिला हे वर्णनाच्या रकान्यात मराठीत लिहून ठेवा.